वयस्कांच्या धमन्यांचा ताठरपणा मोजताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

बहात्तर वर्षांच्या आजींचं बीपी १६८/७२ भरतं आणि कागदावर शेरा पडतो, ‘वरचं थोडं वाढलंय, खालचं नॉर्मल.’ आजी निवांत घरी जातात. खरं तर या दोन आकड्यांमधला फरक ९६ आहे आणि धमन्या ताठ झाल्याची याहून स्वस्त खूण दुसरी नाही. दुसऱ्या टोकाला, शहरातल्या एखाद्या केंद्रात त्याच आजींची महागड्या यंत्रावर चाचणी होते, पण उन्हातून आल्या आल्या आणि चहा घेऊन. मग ‘धमन्यांचं वय ९१’ असा रिपोर्ट हातात पडतो आणि घरदार घाबरतं. दोन्ही ठिकाणी यंत्र ठीक असतं. चुकलेली असते ती तयारी, क्रम आणि अर्थ लावणं.

उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका, दवाखान्यातले तंत्रज्ञ आणि शिबिरं घेणारे, यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे. आईवडिलांना तपासणीला नेणाऱ्यांनी पहिला आणि शेवटचा टप्पा वाचला तरी पुष्कळ चुका टळतील.

## आधी क्रम पक्का करा

नाडी, मग बसून बीपी, मग आडवं झोपवून हातापायाच्या दाबाचं गुणोत्तर म्हणजे एबीआय, त्यानंतर नाडीलहरीचा वेग म्हणजे पीडब्ल्यूव्ही, मग उभं करून बीपी, आणि सगळ्यात शेवटी जोखमीचा तक्ता.

हा क्रम सोयीसाठी ठरवलेला नाही. नाडी अनियमित असेल तर वेगाचा आकडा भरवशाचा राहत नाही, म्हणून नाडी पहिली. पायाची धमनी तुंबलेली असेल तर दंड ते घोटा मोजणाऱ्या यंत्रावर वेग खोटा कमी दिसतो, म्हणून एबीआय वेगाच्या आधी. उभं राहण्याची चाचणी मध्येच घेतली तर पुन्हा दहा मिनिटं झोपवून ठेवावं लागतं, म्हणून ती नंतर. शिबिरात रांग लांबली की हाच क्रम सर्वात आधी मोडतो.

## टप्पा १: आदल्या दिवशीचा निरोप

निरोप फोनवर देत असाल तर घरातल्या कर्त्या माणसालाही सांगा. ऊसतोडीच्या हंगामात मुलं-सुना बाहेर असतात आणि म्हातारी माणसं एकटीच एसटीने येतात, तेव्हा आशाताईंकडून निरोप पोचवणं बरं. निरोपात एवढं हवं:

- मोजणीच्या आधी तीन तास जेवण, चहा, कॉफी आणि कुठल्याही रूपातली तंबाखू नको. पाणी चालेल.
- दारू आदल्या संध्याकाळपासून बंद.
- बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. रोजच्या वेळेला घ्या आणि किती वाजता घेतली ते लक्षात ठेवा.
- सैल बाह्यांचा सदरा किंवा ब्लाउज घाला. पायातले तोडे, वाळे घरी काढून ठेवता आले तर उत्तम.
- गोळ्यांची पिशवी आणि जुने कागद सोबत आणा.

‘तंबाखू खाऊ नका’ एवढं सांगून भागत नाही. सकाळी मिश्री लावणाऱ्या आजी ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी खरेपणाने सांगतात. मिश्री, गुटखा, विडी, चुना-तंबाखू अशी नावं घेऊनच विचारा. गालात बार असताना घेतलेलं बीपी आणि वेग दोन्ही चढे येतात.

सावधान: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांना सरसकट ‘उपाशी या’ असं सांगू नका. गोळी घेऊन, न खाता पन्नास किलोमीटर एसटीने आलेल्या माणसाची साखर बाकावरच उतरू शकते. सकाळी सातला हलकी न्याहारी आणि साडेदहाला मोजणी, असं वेळापत्रक त्यांना द्या. एकादशी किंवा मोठ्या उपवासाचा दिवस कुणालाच देऊ नका.

पुढच्या वेळी तुलना करायची असेल तर दिवसाची वेळही तीच ठेवा. सकाळच्या आकड्याशी संध्याकाळचा आकडा ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

## टप्पा २: खोली आणि सामान

खोली शांत हवी आणि २२ ते २५ अंशांच्या आसपास हवी. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा हे जमवणं अवघड असतं. मग निदान एवढं पाळा: मोजणी सकाळी दहाच्या आत उरका आणि कूलरचा झोत थेट पायांवर येऊ देऊ नका. गार झोताने पायाच्या धमन्या आकसतात आणि घोट्याची नाडी सापडेनाशी होते. तंत्रज्ञ डॉपलरला, म्हणजे धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राला, दोष देत बसतो, चूक कूलरच्या तोंडाची असते.

सामान असं: दंडावर बांधणारं, प्रमाणित झालेलं बीपी यंत्र, तीन मापांचे पट्टे, ८ मेगाहर्ट्झचा हातातला डॉपलर, जेली, न ताणणारी मोजपट्टी, उंची मोजायची पट्टी, आणि असेल तर वेग मोजणारं यंत्र. मनगटावरचं बीपी यंत्र या कामाला आणू नका.

पट्ट्याच्या मापावर थोडं थांबायला हवं, कारण इथे रोज चूक होते. दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या मधोमध मोजा. २२ ते २६ सेंमीला लहान पट्टा, २७ ते ३४ ला मधला, ३५ ते ४४ ला मोठा. शेतात राबलेल्या, वाळलेल्या अंगाच्या म्हाताऱ्या माणसांचा दंड बऱ्याचदा २३-२४ सेंमी भरतो, आणि केंद्रात पट्टा एकच, मधला. त्याने आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. जाड दंडाला तोच पट्टा आवळला तर जास्त येतो. घेर नोंदीत लिहिला की पुढच्या वेळी वाद राहत नाही.

## टप्पा ३: वय, उंची, नाडी

वयाची चौकशी करा, आधारकार्डावर विसंबू नका. जुन्या माणसांची जन्मतारीख सर्रास १ जानेवारी लागलेली असते आणि वर्षही अंदाजानेच. शेवटचा तक्ता पाच-पाच वर्षांच्या पट्ट्यांनी वाचायचा असतो, म्हणून चार वर्षांची चूकही माणसाला दुसऱ्या पट्टीत टाकते. मराठवाड्यात वय काढायच्या तीन खुणा पक्क्या आहेत: सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, १९७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. ‘मामा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला तुम्ही होता का? तेव्हा लग्न झालं होतं?’ एवढ्या दोन प्रश्नांत वय दोन-तीन वर्षांच्या आत येतं.

उंची मोजूनच घ्या. कित्येक यंत्रं धमनीची लांबी उंचीवरून काढतात. पाठीला बाक आलेल्या माणसाची उंची कमी भरते, यंत्र धमनीही आखूड धरतं आणि वेग खोटा कमी निघतो. अशा नोंदीपुढे ‘पाठीला बाक’ असं लिहून ठेवा.

आता नाडी. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे घातक आहे, कारण मध्येच चुकणारा ठोका हातून निसटतो.

तपासा: नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्र बाजूला ठेवा, स्टेथोस्कोपने तीनदा बीपी घ्या, ईसीजीसाठी पाठवा आणि वेगाची मोजणी करू नका. अनियमित नाडी सापडणं हाच त्या दिवसाचा महत्त्वाचा निकाल असतो, कारण त्यातून अर्धांगवायूचा धोका वाढतो. पेसमेकर बसवलेल्यांची वेगमोजणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

## टप्पा ४: बसून बीपी

लघवीला जाऊन आलात का, हे आधी विचारा. भरलेल्या मूत्राशयाने वरचं बीपी दहापर्यंत चढू शकतं. मग पाठ टेकवून खुर्चीत बसवा, तळवे जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. पाच मिनिटं गप्प. स्टुलावर बसवून, हात लोंबकळत ठेवून घेतलेला आकडा कागदावर चढवू नका.

ब्लाउजची किंवा बंडीची घट्ट बाही वर सरकवली की तिचाच काच बसतो. एक हात बाहीतून काढायला लावा, आडोसा करून द्या. पाटल्या-बांगड्यांची अडचण नसते.

१. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांचं बीपी घ्या. ज्या हाताचं जास्त भरेल तोच हात इथून पुढे कायम. फरक १५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो ठळक लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, एका हाताकडे जाणारी धमनी अरुंद झालेली असू शकते.

२. त्या हातावर एकेक मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा. पहिला आकडा सोडून शेवटच्या दोघांची सरासरी घ्या.

३. स्टेथोस्कोपने घेत असाल तर आधी मनगटाची नाडी चाचपत पट्टा फुगवा. नाडी जिथे बंद पडेल त्याच्या वर ३० पर्यंत न्या, मग सेकंदाला २ ते ३ या गतीने उतरवा. ताठ धमन्यांच्या माणसांत आवाज मध्येच काही अंतर गायब होतो आणि पुन्हा येतो. नाडी न चाचपता १५० पर्यंतच फुगवलं, तर १८० चं बीपी १४० म्हणून लिहिलं जातं.

४. वरच्यातून खालचा आकडा वजा करा. हा नाडीदाब. वयस्कांत तो ६० किंवा जास्त असेल तर मोठ्या धमन्या ताठ झाल्याचं धरून पुढची तपासणी करा.

ताठ महाधमनी हृदयाचा धक्का झेलून घेत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. ठोक्यांच्या मधल्या वेळेत ती दाब धरून ठेवत नाही, म्हणून खालचा उतरतो. ‘खालचं नॉर्मल’ हा दिलासा इथे नेमका उलटा पडतो.

पण नाडीदाब वाढला म्हणजे दरवेळी ताठरपणाच असं नाही. रक्त कमी असेल, थायरॉइड वाढलेलं असेल किंवा हृदयाची महाधमनीकडची झडप गळत असेल तरीही तो रुंदावतो. आजींच्या पापणीच्या आतला भाग फिका दिसला तर आधी हिमोग्लोबिन तपासा.

थांबा: वरचा आकडा १८० च्या पुढे किंवा खालचा ११० च्या पुढे आला तर पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. त्यासोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातापायातला जोर जाणं किंवा अचानक कमी दिसणं यातलं काहीही असेल तर पुढची मोजणी सोडा आणि १०८ ला फोन करा.

दवाखान्यात आलं की बीपी चढणारी माणसं पुष्कळ असतात. शक्य असेल तर सात दिवस घरी मोजायला सांगा: सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या सरासरीची सीमारेषा १३५/८५ आहे, दवाखान्यातली १४०/९० तिथे लावू नका.

## टप्पा ५: आडवं झोपवून एबीआय

आता सपाट झोपवा, डोक्याखाली पातळ उशी, दहा मिनिटं. झोप लागू देऊ नका आणि गप्पाही नकोत. ‘आजी, दहा मिनिटं बोलायचं नाही, डुलकी पण घ्यायची नाही,’ असं हसत सांगितलं की ऐकतात. सोबत आलेल्या नातवाला बाहेर बसवा, खोलीत बडबड त्याच्यामुळेच होते.

सावधान: पायावर उघडी जखम असेल, पोटरीत गुठळीचा संशय असेल, डायलिसिससाठी हातात फिस्टुला केलेला असेल किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज असेल, तर त्या अवयवावर पट्टा बांधू नका.

पट्ट्याची खालची कड घोट्याच्या हाडाच्या दोन सेंमी वर राहील असा बांधा. क्रम असा: उजवा दंड, उजव्या पायाची घोट्यामागची धमनी, उजव्या पावलावरची धमनी, मग डावा पाय त्याच क्रमाने आणि शेवटी डावा दंड. डॉपलरची काडी ४५ ते ६० अंशांत तिरकी धरा आणि दाबू नका. म्हाताऱ्या पायाची पावलावरची धमनी काडीच्या भारानेही बंद होते. आवाज बंद झाल्यावर आणखी २० ने फुगवा, मग हळू सोडा. आवाज जिथे परत येतो तो आकडा.

हिशेब: प्रत्येक पायाच्या दोन आकड्यांतला मोठा घ्या आणि त्याला दोन्ही दंडांतल्या मोठ्या आकड्याने भागा. समजा उजवा दंड १४६, डावा १३८. उजव्या पायाचे आकडे १४० आणि १३२, डाव्याचे १२२ आणि ११८. उजवं गुणोत्तर १४० भागिले १४६, म्हणजे ०.९६. डावं १२२ भागिले १४६, म्हणजे ०.८४. उजव्या पायाला उजवा दंड आणि डाव्याला डावा दंड लावला असता तर डावं ०.८८ आलं असतं. सीमेवरच्या माणसाला ही चूक सरळ निरोगी ठरवते.

०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा, आणि अशा माणसाला हृदयविकाराची जोखीमही जास्त. ०.९१ ते ०.९९ काठावरचं, १.०० ते १.४० ठीक. १.४० च्या वर गेलं तर ‘फारच छान’ असं लिहू नका. धमनीच्या भिंतीत चुना (कॅल्शियम) बसून ती पट्ट्याने दबतच नाही, असा त्याचा अर्थ. जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात हे हमखास दिसतं. अशांच्या पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

## टप्पा ६: नाडीलहरीचा वेग

हृदयाच्या ठोक्याबरोबर दाबाची लाट धमनीतून पळते. धमनी जितकी ताठ तितकी लाट वेगवान. दोन जागांमधलं अंतर भागिले लाटेला लागलेला वेळ, एवढंच हे गणित आहे, आणि चुका मुख्यतः अंतरात होतात.

आधी आपलं यंत्र कोणत्या जातीचं आहे ते ओळखा:

मान ते जांघ: आधार म्हणून धरली जाते ती हीच पद्धत. स्फिग्मोकोर आणि कॉम्प्लिऑर ही या जातीची यंत्रं. सीमारेषा १० मीटर प्रति सेकंद.

दंड ते घोटा: चार पट्टे बांधले की यंत्रच मोजतं. हैदराबादला तयार होणारं पेरिस्कोप या जातीचं. पायाच्या धमन्याही धरल्या जात असल्यामुळे आकडा मोठाच येतो. साधारण १४ च्या वर लक्ष द्यायचं आणि १८ च्या वर जोखीम मोठी मानायची. काही यंत्रं सेंटिमीटरमध्ये छापतात: १४०० म्हणजेच १४ मीटर.

कॅव्ही: हृदय ते घोटा या धमन्यांच्या ताठरपणाचा निर्देशांक, याला एकक नसतं. ८ पर्यंत ठीक, ९ पासून पुढे ताठरपणा.

या तिन्हींचे आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत. दंड-घोट्याचा १३.५ आला आणि कुणीतरी त्याला १० ची रेघ लावली, की ठीक असलेल्या माणसाच्या मागे गोळ्या लागतात.

मान-जांघ पद्धतीची कृती:

१. एबीआयचे पट्टे सोडल्यावर पाच मिनिटं जाऊ द्या. मग झोपूनच बीपी घ्या आणि लिहा. दाब चढला की तीच धमनी जास्त ताणली जाते आणि वेगही चढतो, म्हणून त्या क्षणाचं बीपी सोबत नसेल तर वेगाचा आकडा अर्धवट राहतो.

२. आधी स्टेथोस्कोप मानेवर ठेवून ऐका. धमनीवर सूंसूं असा आवाज आला तर तिथे दाबू नका, मानेच्या डॉपलरसाठी पाठवा. दोन्ही बाजू एकदम कधीच दाबायच्या नाहीत आणि एका बाजूलाही मालिश केल्यासारखं फिरवायचं नाही. वयस्कांत एवढ्यानेही नाडी मंदावून घेरी येते.

३. जांघेची नाडी शोधण्याआधी काय करणार ते स्पष्ट सांगा आणि होकार घ्या. पडदा ओढा. बाईमाणसासाठी परिचारिका हवीच. धोतर किंवा लुगडं पूर्ण सोडायची गरज नसते, कमरेचा काच सैल केला की पुरतं.

४. उजव्या बाजूने, मानेच्या नाडीपासून जांघेच्या नाडीपर्यंत सरळ रेषेत अंतर मोजा. पोट सुटलेलं असेल तर पट्टी पोटावरून वळवू नका, पोटाच्या वर हवेत ताणून धरा. मग त्या अंतराला ०.८ ने गुणा.

५. दोन्ही जागी निदान दहा सेकंद स्थिर लाटा नोंदवा. लाटेचा पायथा, म्हणजे ती चढायला लागते तो बिंदू, नीट दिसायला हवा. ईसीजीची रेघ केसाळ दिसली तर एक्स्टेंशनची वायर खाटेपासून दूर करा आणि अर्थिंग तपासा.

६. दोनदा मोजा. दोघांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा घ्या.

अंतराची चूक किती महागात पडते ते पाहा. सरळ अंतर ६२ सेंमी, लाटेला लागलेला वेळ ५१ मिलिसेकंद. ६२ ला ०.८ ने गुणून ४९.६ सेंमी, वेग ९.७. पट्टी पोटावरून नेऊन ६६ सेंमी भरलं तर वेग १०.४, माणूस रेषेपलीकडे. ०.८ ने गुणायचंच राहिलं तर १२.२. माणूस तोच, खाट तीच, तीन निकाल.

याची उलटी चूकही होते. काही यंत्रांत छातीच्या वरच्या खाचेपासून जांघेपर्यंतच्या अंतरातून खाच ते मान हे अंतर वजा करतात. तिथे दुरुस्ती आधीच झालेली असते. त्यावर पुन्हा ०.८ लावलं तर वेग खूपच कमी निघतो. यंत्रात कोणती रीत भरली आहे हे सुरुवातीलाच पाहून भिंतीवर लिहून ठेवा.

तपासा: एबीआय ०.९ च्या खाली असेल तर दंड-घोटा वेग आणि कॅव्ही त्या पायासाठी रद्द धरा. वेळेच्या नोंदीतला चढउतार सरासरीच्या १० टक्क्यांहून जास्त असेल तर पुन्हा मोजा.

बोटाला चिमटा लावून किंवा एकाच दंडपट्ट्याने ‘धमन्यांचं वय’ सांगणारी यंत्रं शिबिरांत फिरतात. यातल्या बऱ्याच यंत्रांत वय आणि बीपी आधी भरलेलं असतं आणि उत्तर मुख्यतः त्यावरूनच बेतलेलं असतं. म्हणजे तुम्हीच दिलेलं वय तुम्हालाच फिरवून परत मिळतं. त्यावर उपचार बदलू नका.

## टप्पा ७: उभं करून बीपी

माणूस आडवाच आहे, तेव्हा आत्ताच उरकून घ्या. झोपलेलं बीपी हातात आहेच. उभं करा, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचं २० किंवा खालचं १० उतरलं तर ‘उभं राहिल्यावर बीपी उतरतं’ असं लाल शाईने लिहा. ताठ धमन्यांच्या माणसांत झोपून १७० आणि उभं राहून १३५ असं होतं. फक्त १७० पाहून गोळी वाढवली की पहाटे उठताना म्हातारा माणूस पडतो आणि खुबा मोडतो.

बाजूला एकजण उभा असू द्या. घेरी आली तर लगेच झोपवा, आकडा पूर्ण करायच्या नादी लागू नका.

## टप्पा ८: जोखमीचा तक्ता

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्ते वापरा आणि त्यातला दक्षिण आशियाचा तक्ता काढा. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू येण्याची शक्यता त्यात रंगांनी दाखवलेली असते: ५ टक्क्यांच्या आत, ५ ते १०, १० ते २०, २० ते ३० आणि ३० च्या वर.

दोन प्रकार आहेत. प्रयोगशाळेशिवायच्या तक्त्याला वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी आणि बीएमआय लागतं. दुसऱ्याला बीएमआयऐवजी एकूण कोलेस्टेरॉल आणि मधुमेह आहे की नाही हे लागतं. मधुमेह असेल तर दुसराच वापरा, पहिल्यात जोखीम कमी दिसते.

इथल्या चुका ठरलेल्या:

आधीच झटका किंवा अर्धांगवायू येऊन गेलेल्यांना तक्त्यात बसवणं. ती माणसं मुळातच मोठ्या जोखमीची, त्यांचा रंग शोधायचा नाही.

तक्ता ४० ते ७४ वयाचा आहे. ७९ वर्षांच्या बाबांना ७४ च्या पट्टीत बसवून टक्केवारी सांगू नका. त्यांच्यासाठी डॉक्टरांचा निर्णय, बीपी, साखर, मूत्रपिंडाची तपासणी आणि एबीआय हेच धरायचं.

धूम्रपानाच्या रकान्यात तंबाखू-मिश्री भरणं. तक्ता विडी-सिगारेटपुरताच बोलतो. वर्षभराच्या आत सोडलेला माणूसही ओढणाराच धरायचा. चघळायच्या तंबाखूची नोंद वेगळी करा, ती तक्त्यात नाही म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

आणि सर्वात मोठी: वेगाचा आकडा या तक्त्यात घालायला जागा नाही. तो वेगळा लिहायचा. तक्त्यात माणूस मधल्या रंगात असेल आणि वेग वयाच्या मानाने बराच जास्त असेल, तर डॉक्टर उपचाराकडे झुकतात, एवढाच त्याचा उपयोग. तक्त्याने आधीच गडद रंग दाखवला असेल तर वेग मोजायला दोनशे किलोमीटर धाडण्याची गरज नाही.

## टप्पा ९: कागद आणि बोलणं

कागदावर वेग कधीच एकटा लिहू नका. सोबत हवं: यंत्राची जात, अंतर आणि ते काढायची रीत, त्या वेळचं बीपी आणि नाडी, गोळीची वेळ, शेवटच्या चहा-तंबाखूची वेळ, मोजणाऱ्याचं नाव. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात पुढे पाठवलं तर तिथला डॉक्टर पहिल्यांदा हेच शोधतो.

मान-जांघ वेगाची १० ची रेघ वयस्कांना लावताना हात जरा सैल ठेवा. युरोपातल्या संदर्भ आकड्यांत, वेगळी जोखीम नसलेल्या ६० ते ६९ वयाच्या माणसांचा सरासरी वेग १०.३ आणि सत्तरीपुढे १०.९ भरला होता. म्हणजे ७२ व्या वर्षी १०.६ हा वयाचाच आकडा, १४ हा नव्हे. घरच्यांना तसंच सांगा. ‘धमन्या खराब झाल्यात’ असं म्हणून सोडलेला माणूस महिनाभर झोपत नाही, नाहीतर सगळ्या गोळ्या सोडून काढ्याच्या मागे लागतो.

ताठरपणा कमी करायची वेगळी गोळी नाही. बीपीची गोळी नेमाने, मीठ कमी (लोणचं, पापड, ठेचा यांतलं मीठ धरूनच), तंबाखू बंद, साखर ताब्यात आणि रोज अर्धा तास चालणं. उभं राहून बीपी उतरणाऱ्यांना उठण्याआधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसायला सांगा.

पुन्हा मोजणी सहा महिने ते वर्षाने, त्याच यंत्रावर, त्याच वेळेला, शक्यतो त्याच मोजणाऱ्याकडून. दोन भेटींत एक मीटरपेक्षा कमी फरक पडला तर सुधारलं किंवा बिघडलं असं काहीच सांगू नका. पुढची तारीख मात्र तिथेच लिहून द्या आणि तो दिवस एकादशीचा नाही ना, हे पंचांगात पाहून घ्या.